‘नांदायला येणार नाही’ म्हणणारी रखमाबाई

शेवंती

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतली एक जण हातात पाकीट घेऊन दारात उभी राहिली. "ताई, एवढं वाचून सांगा." वकिलाची नोटीस होती. दोन पानं भरून मजकूर, पण सगळ्याचा अर्थ एवढाच की पंधरा दिवसांत नांदायला या, नाहीतर दावा लावू. ती दीड वर्षं आईकडे आहे. का आली ते इथे लिहिणार नाही, तिचं ते तिचं. मी वाचून दाखवलं, जमेल तसं समजावलं. तिनं खाली बघत विचारलं, "नाही गेले तर पोलीस धरून नेतात का?"

मी "नाही" म्हटलं, पण तेव्हा मलाही पक्कं ठाऊक नव्हतं. आणि त्या रात्री रखमाबाई डोक्यातून जाईनात. कारण याच मुंबईत, १८८४ च्या मार्च महिन्यात, अशीच एक वकिलाची नोटीस डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी आली होती. पाठवणारा दादाजी भिकाजी. मागणी तीच: माझी बायको माझ्या घरी पाठवा.

रखमाबाईंचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, बहुतेक वेळा 'पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक' असं. मला आज त्यांच्या डॉक्टरकीबद्दल नाही, त्या नकाराबद्दल लिहायचंय.

जन्म २२ नोव्हेंबर १८६४. वडील जनार्दन पांडुरंग ती अगदी लहान असतानाच गेले. आई जयंतीबाई तरुण विधवा. घर सुतार ज्ञातीचं, तिथे पुनर्विवाहाला बंदी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे गृहस्थ डॉक्टर, वनस्पतींचे जाणकार, १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्यांपैकी एक. म्हणजे घर चांगलं शिकलेलं होतं. तरीही अकराव्या वर्षी रखमाचं लग्न लागलंच, एकोणीस वर्षांच्या दादाजीशी. बोली अशी की जावई घरी राहील, शिकेल, माणूस होईल.

तो शिकला नाही. सखाराम अर्जुनांच्या घरची शिस्त त्याला मानवली नाही, आणि पुढे तो आपल्या मामाकडे, नारायण धुर्माजीकडे राहायला गेला. इकडे रखमा वयात आली तेव्हा गर्भाधानाचा विषय निघाला. सखाराम अर्जुन डॉक्टर होते, एवढ्या लहान मुलीचा संसार सुरू करू द्यायला त्यांनी साफ नकार दिला. ती आईकडेच राहिली. शाळा सुटली होती, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं येत आणि ती घरी बसून वाचत राहिली.

अकराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत ही मुलगी कागदावर बायको होती आणि प्रत्यक्षात विद्यार्थिनी. त्या नऊ वर्षांत तिला कळत गेलं असणार की आपल्याला काय हवंय. मग नोटीस आली.

कोर्टात तिनं तीन कारणं दिली. दादाजी तिला राहायला जागा आणि पोटाला अन्न देऊ शकत नाही. त्याची प्रकृती दम्यानं आणि क्षयासारख्या लक्षणांनी खालावलेली आहे. आणि ज्याच्या आश्रयाला तो राहतो त्या माणसाची वागणूक बरी नाही. ही वकिलांनी बसवलेली कारणं. तिचं खरं म्हणणं तिनं टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' या नावानं लिहिलेल्या पत्रांत आहे, जून १८८५ पासूनच्या. त्यात ती म्हणते की या बालविवाहाच्या चालीनं माझ्या आयुष्यातलं सुख नासवलं, मला सगळ्यांत प्रिय असलेल्या अभ्यासाच्या आणि माझ्या मधे ती येऊन उभी राहिली, आणि माझा काडीचाही दोष नसताना मी कोंडली गेले. तिच्या तक्रारीत नवरा वाईट आहे हे दुसऱ्या क्रमांकावर येतं. पहिल्यावर पुस्तकं आहेत.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्या. पिन्हे यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा साधा होता. जो संसार कधी सुरूच झाला नाही तो 'परत' कसा सुरू करायचा? मुलीला न कळत्या वयात लग्न लावून दिलेलं, तिला तो माणूस नको आहे, आणि तिच्या मर्जीविरुद्ध तिला त्याच्या घरी धाडायचं, हे त्यांना रानटीपणाचं आणि किळसवाणं वाटलं. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, हा इंग्लंडातून आलेला कायदा आहे, हेही त्यांनी सांगितलं.

दादाजीनं अपील केलं. १८८६ मध्ये सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी तो निकाल फिरवून प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. आणि ४ मार्च १८८७ ला न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन.

बावीस वर्षांची मुलगी. सावत्र वडील दोन वर्षांपूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, पहिला निकालही न ऐकता वारलेले. अर्धी मुंबई आणि सगळं पुणं तिच्याबद्दल बोलतंय. आणि ती तुरुंग निवडते.

मला तुमच्याशी याबद्दल बोलायचंय. तिला स्वातंत्र्य हवं होतं असं आपण पटकन म्हणतो. नेमकं कशापासून? माझं मत असं की ती सबंध वेळ एकच प्रश्न विचारत होती, मला विचारलं होतं का? आणि तो प्रश्न कुणाच्याच पुस्तकात नव्हता.

जुनी_वही

शेवंती, धागा काढलास, खूप बरं वाटलं. तारखेवरून एक सांगते. फॅरनचा हुकूम ४ मार्चचा. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या. बावीसाव्या वर्षीच ना त्याही? आनंदीबाई १८६५ च्या, रखमाबाई १८६४ च्या, एका पिढीच्या म्हणण्यापेक्षा एका वर्गातल्या मुली.

आनंदीबाईंचे नवरे गोपाळराव त्यांना शिकवण्यासाठी मारत. लाकूड हाताला लागलं तर लाकडानं, नाहीतर खुर्ची, पुस्तकं फेकून. हे आनंदीबाईंनी स्वतः पत्रात लिहून ठेवलंय, तेही अमेरिकेत गेल्यावर, अंतर पडल्यावर. एका घरी बायकोनं शिकावं म्हणून मार आणि दुसऱ्या घरी शिकणाऱ्या बायकोला ओढून आणायला कोर्ट. मी कितीतरी वर्षं गोपाळरावांना 'चांगला नवरा' आणि दादाजीला 'वाईट नवरा' अशा दोन खणांत ठेवत होते. आता वाटतं, दोघींनाही तुझाच प्रश्न लागू होतो. आनंदीबाईंना तरी कुणी विचारलं होतं?

काळा_कोट

आधी तुमच्या शेजारणीला निरोप द्या, म्हणजे तिला झोप लागेल. पोलीस नेत नाहीत. कोर्टानं हुकूमनामा दिला तरी कुणी तिला हाताला धरून सासरी पोचवू शकत नाही, आणि तुरुंगही नाही. तुरुंगाची तरतूद १९२३ साली काढून टाकली गेली. फार तर तिच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही तर त्या कारणावर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. नांदायला गेली नाही म्हणून पोटगी आपोआप बुडते असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. न जाण्यामागे सबळ कारण असेल तर पोटगी मिळते. नोटिशीला उत्तर मात्र जरूर द्यायला सांगा. गप्प बसू नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता इतिहास, कारण तो जाणून घेतल्यावर मला स्वतःला धक्का बसला होता. नांदायला आणण्याचा दावा इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतला. हिंदुस्थानात तो १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या अपील कोर्टानं, एका मुसलमान जोडप्याच्या खटल्यात मान्य केला. आणि खुद्द इंग्लंडनं हा हुकूम मोडल्याबद्दलची कैद कधी बंद केली? १८८४ साली. दादाजीची नोटीस गेली त्याच वर्षी. म्हणजे लंडनमधल्या बाईला ज्यासाठी तुरुंग नव्हता, त्यासाठी मुंबईतल्या बाईला होता, आणि दोन्हीकडे राणी एकच. इंग्लंडनं हा दावाच १९७० मध्ये काढून टाकला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. हा कायदा मे १९५५ चा. रखमाबाई वारल्या त्याच वर्षी २५ सप्टेंबरला. ज्या दाव्याशी त्या बावीसाव्या वर्षी भांडल्या तो स्वतंत्र भारताच्या कायद्यात लिहिला गेलेला बघून त्या गेल्या.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं टी. सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं होतं. बाईच्या शरीरावरचा तिचा हक्क सरकारच्या हाती जातो, असं त्यात म्हटलंय. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरोज राणी खटल्यात कलम कायम ठेवलं. पिन्हे आणि सार्जंट यांचीच जुगलबंदी शंभर वर्षांनी पुन्हा झाली, असं मला ते दोन निकाल वाचताना वाटलं.

गोदाकाठ

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. दादाजीबद्दल कुणी दोन शब्द बोलत नाही. एकोणीस वर्षांचा गरीब मुलगा, सासऱ्याच्या घरी राहून शीक म्हणून आणलेला. घरजावयाचं जिणं काय असतं ते आमच्या गावाकडे विचारा. रोज सकाळी कुणीतरी उठवणार, अभ्यास विचारणार, पुढ्यात ताट ठेवताना उपकार दाखवणार. त्यानंही हे लग्न निवडलं नव्हतं. १८८७ मध्ये त्यानं आपली बाजू छापून काढली होती, त्यात त्याचं म्हणणं होतं की सगळं भांडण रखमाच्या नावावर असलेल्या मालमत्तेवरून आहे आणि तिच्या घरच्यांनाच ती पाठवायची नाही. हे सगळं खोटं म्हणून टाकून देता येईल का?

शेवंती

गोदाकाठ, राग कसला. मी मूळ लेखात मालमत्तेचं लिहायला हवं होतं. जयंतीबाईंनी पुनर्विवाहाच्या वेळी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता रखमाच्या नावावर केली होती, हे खरं. रखमाबाईंनी दादाजीच्या त्या पुस्तिकेला वर्तमानपत्रातून उत्तरही दिलं.

घरजावयाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. खरंच, त्याला तरी कुणी विचारलं होतं? पण इथेच दोघांचे रस्ते वेगळे होतात. त्याला नको झालं तेव्हा तो उठून मामाकडे गेला. त्याच्यामागे कुणी नोटीस धाडली नाही. दुसरी बायको करायलाही त्याला कुणाची परवानगी लागली नसती, आणि पुढे त्यानं केलीच. तिला नको झालं तेव्हा हायकोर्ट बसलं. एकाच लग्नात दोघं अडकले होते, हे मी मान्य करते. दार मात्र एकाच्याच बाजूनं उघडत होतं.

वैनगंगा

मला ज्ञातीचा मुद्दा मांडायचाय, तो नेहमी राहून जातो.

सुतार ज्ञातीत पुनर्विवाह चालत होता, रखमाच्या आईनंच केला. आमच्याकडे आणि कितीतरी समाजांत काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडली की बाई मोकळी. तिला पाट लावता यायचा, म्हणजे दुसरं लग्न करता यायचं. हे काही सुखाचं राज्य नव्हतं, पंचही पुरुषच आणि दंडही बाईलाच. पण एक वाट होती. ही वाट कुणी बुजवली? १८६४ साली याच मुंबई हायकोर्टानं ठरवलं की नवऱ्याच्या संमतीशिवाय पंचांनी दिलेली मोकळीक कोर्ट मानणार नाही. वरच्या जातींच्या ग्रंथांतलं न तुटणारं लग्न आणि इंग्लंडातला नांदवण्याचा दावा, असे दोन दोर एकत्र वळले गेले. पहिल्या दोरानं लग्न तुटत नाही आणि दुसऱ्यानं बाई सुटत नाही. पुण्यातली मंडळी 'आमच्या धर्मात सरकारनं पडू नये' म्हणत होती, पण ज्या शस्त्रानं रखमाबाईंना अडवलं ते शस्त्र विलायती होतं, हे पिन्हेंनी सांगूनही कुणाला ऐकायचं नव्हतं.

तेव्हा 'आपली संस्कृती विरुद्ध इंग्रजी शिक्षण' असं हे प्रकरण शिकवतात ते मला पटत नाही. आमच्या आज्यांची संस्कृती त्यात कुठेच नाही.

मुठाकाठ

वैनगंगा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

टिळकांबद्दल मला लिहायलाच हवं. आमच्या घरात त्यांची तसबीर आहे, मी त्यांच्या लिखाणावर वाढलोय. आणि या प्रकरणात ते आणि 'मराठा' पत्र रखमाबाईंच्या विरुद्ध उभे होते. त्यांची भूमिका अशी की परक्या सरकारच्या न्यायाधीशानं आमच्या धर्मव्यवहाराचा अर्थ लावू नये, आणि शिकलेल्या मुली अशा वागू लागल्या तर घरं मोडतील. पहिला भाग मी आजही समजू शकतो. गुलाम देशातल्या माणसाला घर ही एकच जागा आपली वाटते, तिथे परक्याचा हात नको वाटतो. पण त्या घरात कुणीतरी कोंडलेलं आहे, आणि ते आतून दार वाजवतंय, हे त्यांना ऐकू आलं नाही. मला याचं वाईट वाटतं आणि ते वाटणं मी लपवणार नाही.

दुसऱ्या बाजूला वकील काशिनाथ त्र्यंबक तेलंग कोर्टात रखमाबाईंच्या वतीनं उभे राहिले, सुधारक बेहरामजी मलबारींनी पत्रांतून लढा दिला, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्सवर्थ मदतीला आले, अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात हे प्रकरण तिथल्या वाचकांपुढे ठेवलं. म्हणजे त्या काळी दुसरा विचार करणं अशक्य होतं असं म्हणायची सोय नाही.

पारिजात

एक शंका. मला फॉरवर्ड आलं होतं की व्हिक्टोरिया राणीनं खास हुकूम काढून हे लग्न रद्द केलं. खरं आहे का?

जुनी_वही

पारिजात, नाही. हे सगळीकडे फिरतं, म्हणून नीट लिहिते.

राणीशी संबंध आहे तो असा. १८८७ हे तिच्या राज्याचं पन्नासावं वर्ष. निकालानंतर महिन्याभरानं, एप्रिलमध्ये, रखमाबाईंचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. त्यात तिनं राणीकडे स्वतःची सुटका मागितलीच नाही! मागणं काय, तर कायद्याच्या पुस्तकात एक वाक्य घाला: मुलगा वीस आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्याआधी लागलेलं लग्न कोर्टासमोर आलं तर ते कायदेशीर धरू नये. एवढंच. डोक्यावर तुरुंग टांगलेला असताना ती आपल्यानंतरच्या मुलींसाठी वाक्य तयार करत होती.

लग्न कुणी रद्द केलं नाही. अपील चालू असताना जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायची नाही असं कबूल केलं. तुरुंगवास टळला. पण कायद्यानं ती त्याची बायकोच राहिली, तो जिवंत असेपर्यंत. तिचं दुसरं लग्न होऊ शकत नव्हतं. त्यानं मात्र दुसरा संसार मांडला.

म्हणून मला 'रखमाबाई जिंकल्या' असं वाचलं की थांबावंसं वाटतं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे हा खटला आणि बंगालात नवऱ्याच्या जबरदस्तीनं झालेला लहानग्या फुलमणीचा मृत्यू या दोन्हींचा जोर होता, हे खरं. तो कायदासुद्धा मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून फक्त बारावर नेणारा. तिनं पंधरा मागितलं होतं.

अबोली

मी इथे फारसं लिहीत नाही. रमाबाई रानडेंबद्दल कुणी लिहील म्हणून वाट बघत होते. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही, पण घुसमट त्याही लग्नात होती. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाचं लग्न एकतिसाव्या वर्षी विधुर झालेल्या न्यायमूर्तींशी झालं. रानड्यांनी विधवेशी लग्न करावं अशी सुधारकांची अपेक्षा होती, वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली. नवरा रात्री शिकवणार आणि दिवसा घरातल्या बायका त्या शिकण्यावरून बोलून बोलून नको करणार. रमाबाईंच्या आठवणी मी तीन वेळा वाचल्या. नवऱ्याबद्दल त्यांनी सगळीकडे भक्तीनं लिहिलंय आणि ती भक्ती खोटी नाही. तरी त्या पानांमधून एक मुलगी श्वास रोखून चालताना दिसते, इकडे नवऱ्याचं मन आणि तिकडे माजघरातल्या बायकांचं.

मला रखमाबाईंइतकं धैर्य झालं नसतं. मी रमाबाईंसारखी निभावणारी आहे. चाळीस वर्षं निभावलं. हे इथेच पहिल्यांदा लिहितेय.

शेवंती

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत. मी बराच वेळ तुमचा प्रतिसाद उघडा ठेवून बसले होते. अजून लिहावंसं वाटलं तर लिहा, इथे किंवा मला निरोपातून.

तापीकाठी

मी सुरतेला राहतो, मराठी घर, तीन पिढ्यांपासून इथेच. आमच्याकडे रखमाबाई म्हणजे कोर्टाची गोष्ट नाही, दवाखान्याची. तेव्हा पुढचं मी सांगतो.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिलं, पैसे उभे राहिले, आणि १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ मध्ये शिक्षण पुरं केलं, ब्रुसेल्सहून एम.डी. झाल्या. परतल्यावर थोडे दिवस कामा हॉस्पिटल, मग सुरतेचा बायकांचा दवाखाना. इथे त्या वीसेक वर्षं होत्या. प्लेगच्या साथीत लोक शहर सोडून पळत होते तेव्हाही काम चालू होतं, त्यासाठी कैसर-ए-हिंद पदक मिळालं. पुढे १९१८ च्या सुमाराला राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या, तिथून निवृत्त होऊन मुंबईला. म्हातारपणीही त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका लिहिली. (शेवंतीताईंनी वर 'पहिल्या डॉक्टरांपैकी एक' लिहिलंय ते बरोबर. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीपासून डॉक्टरकी करत होत्या, त्यांचं नाव पुसून चालणार नाही.)

आता मला छळणारी गोष्ट. १९०४ मध्ये दादाजी वारला. रखमाबाई तेव्हा सुरतेत, चाळिशीच्या, नावाजलेल्या डॉक्टर. आणि त्यानंतर त्या विधवेसारखं पांढरं नेसू लागल्या. ज्याच्या घरी पाऊल टाकायचं नाही म्हणून तुरुंग पत्करला, त्याच्यासाठी?

अबोली

तापीकाठी दादा, मला यात काही कोडं वाटत नाही. दवाखान्यात येणाऱ्या बायका कोण होत्या? सोवळं-ओवळं पाळणाऱ्या, पडद्यातल्या. डॉक्टरीणबाई रंगीत नेसून आली तर त्यांच्या सासवांनी त्यांना पाठवलंच नसतं. पेशंट जपायचे म्हणूनही केलं असेल. आणि मनात काहीतरी असेलही. संसाराचं नातं नव्हतं, पण तीस वर्षं ज्याचं नाव आपल्या नावाला लोक चिकटवत होते तो माणूस मेला. काहीच वाटलं नसेल असं म्हणणारी मी कोण?

वैनगंगा

मला त्रास होतो, खरं सांगते. कायद्यानं ती त्याची बायको होती, म्हणून कायद्यानं विधवा झाली. पांढरं लुगडं हे मला त्या न रद्द झालेल्या लग्नाचंच शेवटचं पान वाटतं. पण अबोलीताईंचं वाचून जरा थांबले.

शेवंती

नावाचा विषय निघालाय म्हणून. त्या स्वतः नुसतं 'रखमाबाई' म्हणून वावरल्या. पुढे बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. आज आपण सोयीसाठी 'राऊत' लावतो, ते सावत्र वडिलांचं आडनाव. पांढरं नेसलं तरी सही बदलली नाही. माझ्यासाठी या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत आणि त्यातली एक मला लपवायची नाही.

काळा_कोट

शेवंतीताई, शेजारणीचं काय झालं? पंधरा दिवस उलटले असतील.

शेवंती

सांगायचंच होतं. विधी सेवाच्या ऑफिसात गेलो होतो दोघी. तिथल्या वकीलबाई शांत होत्या, सगळं ऐकून घेतलं. नोटिशीला उत्तर गेलंय. दावा लागला तर कैफियत, म्हणजे कोर्टात लेखी उत्तर, द्यावी लागेल, म्हणून त्यांनी हिला सांगितलं, जे जे घडलं ते आठवेल तसं घरी लिहून आणा, मी त्याची भाषा करेन.

काल रात्री ती माझ्याकडे बसली होती. मी लिहायला वही घेतली तर म्हणाली, नको, मीच लिहिते, अक्षर वाईट आहे पण माझं आहे. मी तिला रखमाबाईंची गोष्ट आधीच सांगितली होती, पहिल्या निकालापासून तुरुंगापर्यंत. तिला पिन्हेंचं नाव लक्षात राहिलं नाही, तीन कारणं मात्र राहिली. म्हणाली, "त्या बाईनं तीनच लिहिली? माझी तर अकरा झाली." दहा वाजले तेव्हा तिसरं पान चालू होतं. वकीलबाईंनी बुधवारी बोलावलंय.

काळा_कोट

अकराही लिहू द्या. प्रत्येकाला साधारण महिना-वर्ष घाला, दवाखान्याचे कागद असतील तर झेरॉक्स जोडा, मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. बुधवारी काय झालं ते इथे लिहा.